माळाची हजेरी

‘उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत.’

एका ओळीत अख्खा माळ मारला. रक्त नाही, पंचनामा नाही, कुणाला अटक नाही.

आमच्या गावच्या गायरानाला लागून औद्योगिक वसाहत यायची आहे. त्यासाठी एका कंपनीनं पर्यावरणाचा अहवाल केला. त्या अहवालात आमच्या गवताच्या वाट्याला ही ओळ आली. अहवाल इंग्रजीत, हातभर जाड. मराठीत नुसता सारांश, कारण कायदा तेवढाच मागतो. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधणारा माणूस. शाळा नववीत सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन, रातपाळीच्या सुट्टीत, एकेक शब्द फोडून शिकलोय. तसाच हा अहवाल फोडला. आता बोलणार.

आधी एक सांगतो. आपल्यातले काही दोस्त म्हणतील, ह्याला काय झालं? अत्याचार चाललेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, गिरणीत कंत्राटी पद्धत आली आणि हा गवतावर लिहितोय. पर्यावरण म्हणजे पेन्शनीत निघालेल्या साहेबांचा, गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं बघायचा धंदा. दोस्तहो, तसं वाटायला लावलं हीच त्यांची हुशारी. गवत कुणाच्या डोक्यावर होतं? भाऱ्याखाली मान कुणाची मोडली? महारकीत साहेबाच्या घोड्याला गवत कापून कोण टाकत होतं? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं ते ह्याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ वतनं गेली १९५८च्या कायद्यानं. म्हणजे गवताशी आपलं नातं सातबाऱ्यापेक्षा जुनं, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव कुठंच नाही. तेव्हा गवतावर बोलायचा पहिला हक्क आपला.

*

अहवालवाले आले कधी? एप्रिलात.

माळ एप्रिलात कसा असतो ते माळावर राहणाऱ्याला विचारा. जळालेला. कुसळीच्या काड्या, वणव्याची राख, फुफाटा. गवत ओळखायचं असतं ते त्याच्या तुऱ्यावरून. तुरा येतो श्रावण-भाद्रपदापासून, आणि दिवाळीपर्यंत सगळं पिकून झडून जातं. शेडा आणि मारवेल यांच्या वाळल्या काड्या हातात देऊन ‘सांग कोण कोण’ म्हटलं तर भले भले प्रोफेसर घाम पुसतील. खर्चुडीचा कंद तर त्या वक्ताला जमिनीखाली झोपलेला असतो. वर एक पान नाही. ज्याला ती वेल कुठं उगवते ते ठाऊक आहे त्यालाच ती सापडते.

गंमत म्हणजे भर उन्हाळ्यातही माळ अगदीच मुका नसतो. कोळकांदा त्याच दिवसांत फुलतो. पान एक नाही, नुसता दांडा वर काढून फुलतो. तोही त्यांना दिसला नाही. गाडीतून दिसत नसावा.

ही एका कंपनीची चूक असती तर मी कागद खराब केला नसता. हा कायद्यातलाच मामला आहे. पर्यावरण मंजुरीची अधिसूचना निघाली १४ सप्टेंबर २००६ला. तिच्या आधारानं ज्या अटी घालून देतात त्यांत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं: एका हंगामाची माहिती गोळा करा, पावसाळा सोडून. हवा मोजायला हे ठीक असेल. पावसात धूळ बसते, धूर धुऊन जातो, मोजणी चुकते, म्हणून पावसाळा सोडा. पण त्याच फेरीत, त्याच गाडीतून उतरून, तीच माणसं गवतही मोजतात. जे पावसातच जिवंत असतं ते पाऊस सोडून मोजतात! गाव कामावर गेल्यावर वस्तीत यायचं आणि ‘इथं कोणी राहत नाही’ असं लिहून न्यायचं, त्यातलाच हा प्रकार. आपल्याला ही मोजणी नवीन नाही.

आणि अहवाल करणाऱ्याला पैसा कोण देतो? ज्याला वसाहत बांधायची तोच. सरकारमान्य सल्लागार, पण पाकीट मालकाचं. आमच्या गिरणीत सूत तपासणाऱ्याला दुसऱ्या गिरणीच्या मालकानं पगार दिला असता तर चाललं असतं का?

सुताचंच सांगतो, कारण त्यातलं मला कळतं. सुताचा काउंट काढायचा असला की ‘दिसतंय बारीक’ म्हणून कोणी लिहून टाकत नाही. वेगवेगळ्या बॉबिनी उचलायच्या, प्रत्येकीतून एकशेवीस वार सूत काढायचं, तोलायचं, मांडायचं. एका बॉबिनीवर साऱ्या साच्याचा निकाल लावला तर सुपरवायझर शिव्या घालतो. गवताची मोजणीही तशीच असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट घ्यायची. माळावर ठिकठिकाणी ती टाकायची: खडकावर, उतारावर, खोलगटात, ओढ्याकडंला. चौकटीत कोण कोण आहे, प्रत्येकानं किती जागा धरलीय, ते लिहायचं. नवीन नाव मिळायचं थांबेपर्यंत चौकटी टाकत राहायच्या. पावसात एकदा, तुरे आल्यावर एकदा, उन्हाळ्यात एकदा. ह्याला काय रॉकेट लागतं? चार काठ्या, सुतळी आणि वही. गिरणीत हजार रुपयांच्या सुताला जेवढी तपासणी मिळते तेवढी हजारो वर्षांच्या माळाला मिळत नाही.

*

आता माळावर काय असतं ते बघा. शास्त्रवाले त्याला वनस्पतींचा समुदाय म्हणतात. मी वस्ती म्हणतो. एकच माळ, पण त्यावर वस्त्या अनेक.

उघड्या मुरमावर, जिथं बोटभर माती, तिथं पाऊस पडला की इवली गवतं आणि बारकी फुलं येतात. दीड-दोन महिन्यांत जन्मतात, बी टाकतात, मरतात. उतारावर वीतभर माती असली की शेडा, पवना, डोंगरी, कुसळी. खोलगटात काळी माती साठते तिथं मारवेल, कुंदा. पाणी रेंगाळतं तिथं लव्हाळा. ओढ्याच्या कडंला हिवर, बोर, शिंदी, बाभूळ. गावाच्या अंगाला, जिथं पाय आणि खुरं रोज पडतात, तिथं हरळी, तरोटा, आघाडा. आणि जिथं कुणीतरी जमीन उकरून तशीच टाकली तिथं काँग्रेस गवत, जे १९५५-५६च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं आणि आता महाराष्ट्रात ते नाही असं गाव दाखवा.

ह्या वस्त्या बोलतात. शेडा दाट असला तर समजावं माळ धडधाकट आहे. शेडा हटून कुसळी वाढली तर चराई जास्त झाली. कुसळीही जाऊन नुसतं काड्यांसारखं, जनावर तोंड लावणार नाही असं गवत उरलं तर माळ आजारी पडला. म्हणजे गवताची यादी ही माळाच्या तब्येतीची चिठ्ठी असते. ‘उल्लेखनीय नाही’ म्हणणारा डॉक्टर नाडी न बघता मयताचा दाखला देतोय.

आणि हे मी, गिरणीतल्या माणसानं, शोधून काढलेलं नाही. १९७३ साली खुद्द सरकारच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेनं देशभरच्या गवताच्या पाहणीचं जाड पुस्तक छापलं. देशाच्या गवताचे पाच पट्टे पाडले. आमचा सारा दख्खनचा माळ त्यातल्या शेडा-मारवेलाच्या पट्ट्यात. २०२२ साली छापलेल्या एका अभ्यासात तर भारतातल्या माळरानांवरच्या, जगात दुसरीकडं कुठं न मिळणाऱ्या दोनशेवर वनस्पतींची यादी आहे. त्यातल्या चाळीस टक्क्यांवर गेल्या वीसेक वर्षांत पहिल्यांदा शास्त्राच्या वहीत आल्या. म्हणजे ज्या माळाला ‘इथं काही नाही’ म्हणतात त्या माळावर अजून बाळंतपणं चालू आहेत, आणि तुम्ही दार लावून घेताय.

*

मग ‘इथं काही नाही’ हे आलं कुठून?

आलं मोजणीतूनच. १८३५-३६च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. मातीची खोली बघायची, रंग बघायचा, आणि जमिनीला आणे लावायचे. सोळा आण्याची जमीन, आठ आण्याची, दोन आण्याची. नांगराला आणि सारेवसुलीला जे देईल ते जमीन. जे देणार नाही ते पड. सातबाऱ्यावर आजही बघा, पोटखराबा म्हणून रकाना आहे. जमिनीच्या पोटातलं खराब! केंद्र सरकार २०००पासून पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापत आलंय. त्यात खडकाळ माळ पडीक, झुडपी माळ पडीक, चराऊ कुरण थोडं झिजलं की तेही पडीक.

दोस्तहो, ह्या भाषेचा वास ओळखा. जो आपल्याला उत्पन्न देत नाही त्याला नाव द्यायचं नाही. नाव नाही म्हणजे तो नाहीच. नाहीच म्हटल्यावर त्याच्यावर काहीही टाका: कचरा, कारखाना, मसणवटा. गावानं आपल्या वस्तीला जागा कुठं दिली? ह्याच पडीत. मेलेलं ढोर कुठं टाकलं? ह्याच पडीत. जमिनीला अस्पृश्य करणारी आणि माणसाला अस्पृश्य करणारी लेखणी एकाच बोरूची. दोघांना एकाच कुसाबाहेर ठेवलं, आणि आता म्हणतात तिथं कोणीच नव्हतं.

माझी आजी नव्वद टक्के आंधळी आहे. मी तिला वही घेऊन विचारत बसलो, माळावर काय काय होतं गं? ती म्हणाली, “लिवून काय करतूस? खायाला काय हाय ते ईचार.” आणि सुरू झाली. तरोटा, कुर्डू, केना, पाथरी, घोळ... ७२च्या दुष्काळात ती सतराची पोर होती. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि घरी पाल्यावर भागायचं. कुठल्या महिन्यात कुठला पाला कोवळा, कुठला दोनदा उकळून पाणी टाकायचं, कुठल्या कंदानं तोंड खाजतं, सगळं पाठ. मग गवतं. शेळीला कुठलं, गाभण म्हशीला कुठलं, शेकारायला कुठलं, कुसळी कुठल्या पंधरवड्यापर्यंत कापायची, कारण मग कुसं येतात आणि शेरडाच्या तोंडात, मेंढराच्या कातड्यात घुसतात. त्रेचाळीस नावं झाली. अहवालात नावं अकरा. त्यातली चार झाडं सरकारी खात्यानं आणून लावलेली: निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर, ग्लिरिसिडिया!

त्रेचाळीस नावांत आणखी एक यादी दडलीय. तरवडाची साल: ती ढोरांनी कातडं कमवायला नेली. शिंदीचे फड: मांगांनी केरसुण्या बांधल्या. केकताडाचे दोर: तेही मांगांनीच वळले. मोळाचे झाडू, गवताचे भारे, सरपणाच्या मोळ्या: महारांच्या डोक्यावर. माळावरची झाडं मोजायला बसलो आणि जातीच मोजून झाल्या.

हे मी अभिमानानं सांगत नाही. तरवडाच्या वासात आणि चुन्याच्या हौदात ज्यांची बोटं कुजली त्यांना विचारा अभिमान कसला. ते धंदे आपल्या गळ्यात बांधले होते. तोडले ते बरं झालं. पण धंदा लादलेला होता म्हणून त्यातलं ज्ञान खोटं ठरत नाही. ते आपल्या आयांनी पोटाच्या आगीवर शिजवलेलं आहे. आज तेच ज्ञान विद्यापीठात ‘लोकवनस्पतीशास्त्र’ म्हणून डिग्री मिळवून देतं. डिग्री त्यांची, नाव त्यांचं. माझ्या आजीच्या नावापुढं ‘माहिती देणारी एक वृद्ध महिला’. साला, इथंही नाव नाही.

*

आता दुसऱ्या बाजूकडं येतो. माळ वाचवणारे.

हे लोक मनानं वाईट नसतात. त्यांना लांडगा हवा, माळढोक हवा, फुलं हवीत. पण त्यांच्या चित्रात माणूस आला की तो ‘जैविक दबाव’ होतो. आपली दोन शेरडं त्यांना दबाव वाटतात आणि वसाहतीचा चौपदरी रस्ता विकास. कासच्या पठाराचं घ्या. २०१२ साली जागतिक वारशात गेलं. फुलं जपायची म्हणून तारेचं कुंपण घातलं. गुरं बंद, तिकीट सुरू. मग गावकरी आणि काही अभ्यासकही सांगू लागले की चराई थांबल्यानं उंच गवत माजलं आणि बारक्या फुलांचा जीव गुदमरला. शेवटी कुंपण काढावं लागलं. गुराखी हा त्या फुलांचा शत्रू नव्हता. पठार जसं होतं त्यात त्याच्या गुरांच्या खुरांचा वाटा होता. हे आधी कोणी विचारलं असतं तर त्यानं फुकट सांगितलं असतं.

गायरानाचा तर ह्याहून मोठा तमाशा. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ला आणि मग १९६४-६५ला भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसं उतरली, तुरुंग भरले. काय मागत होते? पड आणि गायरान जमीन कसायला. त्यातून २८ नोव्हेंबर १९९१चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नावावर करायची म्हणून. किती झाली, किती तलाठ्याच्या कपाटात मेली, ते गावोगाव विचारा. मग २०११च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: गावाची सामाईक जमीन मोकळी करा. त्याच निकालात अपवादही लिहिला होता की भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी पट्ट्यानं दिलेली जमीन वेगळी धरा. निकालाचा पहिला भाग जिल्हाधिकारी कचेरीत पोचला. अपवाद वाटेत कुठंतरी एसटीतून पडला.

२०२२च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, अतिक्रमणं काढा म्हणून. सरकारनं आकडे दिले. राज्यात गायरान साडेचार लाख हेक्टरच्या आसपास, त्यावर अतिक्रमणं २ लाख २२ हजारांच्या आसपास. वा, केवढा आकडा! पेपरात मथळे झाले. पण जमीन किती? दहा हजार हेक्टरच्या आसपास. शंभरात सव्वादोन! माणसं मोजून दाखवली, जमीन मोजून दाखवली नाही, म्हणून आपण चोर दिसलो. आणि वसाहतीला, प्रकल्पाला दिलेलं गायरान ह्या हिशेबात येतच नाही, कारण त्याला वाटप म्हणतात. आपण केलं की अतिक्रमण, त्यांनी केलं की वाटप.

इथं मी आपल्याच लोकांशी वाकड्यात शिरणार आहे, शिरू द्या. नांगर फिरला की शेडा मरतो. वर्षानुवर्षं परत येत नाही. हे खरं आहे आणि झाकून उपयोग नाही. आपल्या चळवळीत गवताबद्दल शब्द नव्हता, कारण उपाशी माणसाला जमीन दिसते, गवत दिसत नाही. पण आज जो नवा माळ फोडेल तो आपल्याच विधवा चुलतीच्या दोन शेळ्यांचं तोंड फोडतो. गायरान हे ज्याला एक गुंठा नाही त्याचं शेत आहे. ते नांगरलं की चार घरांना दोन-दोन एकर मुरूम मिळतो आणि चाळीस घरांची शेरडं खुंट्याला मरतात.

मग भूमिहीनानं काय करायचं? सिलिंगचा कायदा १९६१चा आहे. बागायतदारांनी कुत्र्या-मांजरांच्या नावावर दडवलेली जमीन काढा आणि ती द्या. ज्यांनी गायरानावर आजवर घाम गाळला त्यांचं ते राहू द्या, नावावर करा. पण भूमिहीन आणि गवत यांची झुंज लावून देऊन बागायतदार बांधावर बसून मजा बघतोय, ती झुंज आपण का खेळायची? सव्वादोन टक्क्यांवरून आपण आणि माळवाले एकमेकांची डोकी फोडतो, आणि उरलेल्या माळावर खांब रोवायला गाड्या निघतातही.

खांबावरून आठवलं. सौर वीज. ह्यावर बोललं की लोक म्हणतात, हा विजेच्या विरोधात. नाही बाबा. शेतीला दिवसा वीज मिळावी, रात्री पाणी द्यायला जाऊन साप चावून मरणं थांबावं, हे मलाही हवं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ला आली, २०२३ला तिचा दुसरा अवतार. तिच्यासाठी सरकारी जमिनी शोधल्या आणि गायरानं सापडली. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. म्हणजे तिथं एप्रिलातली खोटी मोजणीसुद्धा नाही. तार मारली, गेट लावलं, संपलं. माझा सवाल साधा आहे. आमच्या गिरणीचं छप्पर उन्हात तापतं, खाली आम्ही शिजतो. साखर कारखान्यांची गोदामं आहेत, बाजार समित्यांची शेडं आहेत. त्या पत्र्यांवर ऊन पडत नाही काय? सूर्य फक्त गायरानावरच उगवतो?

*

कोणी म्हणेल, मग मार्ग काय? शिव्या देणं सोपं.

मार्ग कायद्याच्या पुस्तकातच पडलाय, धूळ खात. २००२चा जैवविविधता कायदा सांगतो, प्रत्येक पंचायतीत एक समिती असावी आणि गावच्या झाडाझुडपांची, ज्ञानाची नोंदवही असावी. २००४च्या नियमांत तर लिहिलं होतं की ह्या समितीत निदान एक तृतीयांश बाया आणि निदान अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातीचे लोक हवेत. वाचलं का? अठरा टक्के! माझ्या आजीची खुर्ची कायद्यानं मांडून ठेवली होती आणि तिला कुणी सांगितलंच नाही. हरित लवादानं जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, दंडाची भीती घातली, तेव्हा देशभर घाईघाईनं वह्या भरल्या. आमच्या गावची वही मी ग्रामपंचायतीत मागितली. ग्रामसेवक म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉम्प्युटर उघडला तर शेजारच्या तालुक्यातल्या गावाचं नाव खोडायचं राहिलेलं!

म्हणून आपण पुढचं मागायचं, आणि ग्रामसभेत उभं राहून मागायचं, ठराव लिहून घेऊन:

एक. माळाची मोजणी पावसात व्हावी. श्रावणात एकदा, तुरे आल्यावर एकदा. ‘पावसाळा सोडून’ केलेली गवताची मोजणी आम्ही मानणार नाही.

दोन. चौकटी कुठं टाकल्या ते गावाला दाखवा. मोजताना गवत कापणाऱ्या बाया, शेरडं राखणारी पोरं, मेंढरंवाले सोबत हवेत, आणि दिवसाची मजुरी देऊन हवेत. फुकट वेठ १९५८ला संपली.

तीन. यादी मराठीत, गावाच्या नावांनी. लॅटिन नाव शेजारी लिहा, आमची ना नाही. आणि ज्यानं जे सांगितलं त्याचं नाव, त्याची परवानगी असली तर, त्या ओळीपुढं लिहा.

चार. ज्या झाडावर ज्याचं पोट, ते त्या झाडापुढं लिहा. किती घरं गवत नेतात, किती शेरडं चरतात, किती चुलींत ह्या माळाचा पाला शिजतो. हे नसलेली यादी अर्धी.

पाच. सगळी यादी जनसुनावणीच्या आधी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू जाईल अशी. आणि सभा वस्तीत घ्या. देवळात नको, तिथल्या पायऱ्यांचा आपल्याला अनुभव आहे.

ह्यानं वसाहत थांबेल? मी खोटी आशा विकत नाही. यादी म्हणजे तलवार नव्हे. पण कोर्टात, सुनावणीत, मोबदल्याच्या हिशेबात, जे लिहिलेलं नाही ते मेलेलंच असतं. गिरणीत ज्याची हजेरी लागत नाही त्याला पगार नाही, अपघात झाला तर भरपाई नाही, तो तिथं कामाला होता हेच मालक नाकारतो. बदली कामगारांची हाडं ह्यात गेली. माळाची हजेरीही मालकाच्या माणसानं घेतलीय आणि सगळ्यांच्या पुढं गैरहजर लिहिलंय. शेडा गैरहजर. मारवेल गैरहजर. खर्चुडी गैरहजर. शेरडं राखणारी पोर गैरहजर. भाऱ्याखालची बाई गैरहजर.

तेव्हा ज्या ज्या गावात हा अंक पोचेल तिथल्या पोरांनी एवढं करावं. यंदा पाऊस पडला की चार काठ्या, सुतळी आणि दोनशे पानी वही घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढं घाला. माळावर जा आणि हजेरी घ्या. नावं आली की ती ग्रामपंचायतीच्या आवक-जावक रजिस्टरात शिक्का मारून नोंदवा. पोच घ्या. पोच जपून ठेवा.